दयेकडून सोबतीकडे

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांताचं कंबरडं मोडलं. जबलपूर विभागाला त्याची झळ फार मोठी बसली. आधीची काही वर्षं पिकं बुडालेलीच होती, त्यात १८९६ चा पाऊस वेळेआधीच निघून गेला. त्यातून माणसं सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात होती. दहा वर्षांनी ती सुमारे नऊ टक्क्यांनी घटलेली दिसते. आज याच जबलपूर शहरात रविवारच्या उपासनेत आम्ही ख्रिस्ती प्रीतीविषयी ऐकतो, तेव्हा मला वाटतं, या प्रीतीचा अर्थ लावण्याचं बरंच काम याच मुलखात, नर्मदेच्या काठाने झालेलं आहे आणि ते करणाऱ्यांत मराठी माणसं पुढे होती. सव्वाशे वर्षांत त्या अर्थाने काही वळणं घेतली. ती लक्षात घेतली की रोजच्या जगण्यात श्रद्धा उतरवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते स्पष्ट होत जातं.

१८९६ च्या अखेरीस पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या. हाती पैसा बेताचा, पुण्यात मुली ठेवायला जागा अपुरी. पण आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी दुष्काळातच गमावली होती. भुकेने माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुष्काळग्रस्तांसाठी उघडलेले ‘गरीबखाने’ त्यांनी फिरून पाहिले. एका ठिकाणी तर घर नावाचं काही नव्हतंच. गावाबाहेरच्या झाडीत माणसं उघड्यावर बसवलेली होती. ऐन थंडीचे दिवस, अंगावर धड चिंधी नाही, आणि निराधार पोरींचा गैरफायदा घेणारे पुरुष त्याच आवारात वावरत होते. रमाबाईंनी मुली तिथून बाहेर काढायला सुरुवात केली. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली त्यांच्या आसऱ्याला आल्या. केडगावच्या मुक्ती सदनाची उभारणी या मुलींपासून झाली.

यातला विचाराचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेताना रमाबाईंच्या मनावर ठसा होता तो लंडनजवळच्या फुलहॅममधल्या भगिनींच्या कामाचा. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी माणूस म्हणून वागवत होत्या. येशू विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलतो, तो योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग रमाबाईंनी या कामाच्या उजेडात वाचला. म्हणजे सिद्धांत मागाहून आला. आधी कुणीतरी कुणाशी कसं वागतं ते डोळ्यांनी दिसलं. तरीही १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीच होतं. त्याची चौकट मोडली ती दुष्काळाने. जातपात, कूळ, गाव काहीही न विचारता मुली घरात आल्या, आणि सदनात शिकलेल्या विधवा त्यांच्या आया आणि शिक्षिका झाल्या. ज्यांना स्वतःच्या घरात अशुभ ठरवलं होतं, त्यांनी अनोळखी मुलींच्या जखमा धुतल्या, डोकी विंचरली. त्या काळच्या महाराष्ट्रात याहून मोठी क्रांती शोधावी लागेल.

या प्रेमाला एक मर्यादा होती, तीही मान्य केली पाहिजे. ते उद्धाराचं प्रेम होतं. वाचवणारा हात वर, वाचणारा खाली. मुक्तीचं घर उघडपणे ख्रिस्ती होतं, आणि धर्मांतराची शंका रमाबाईंच्या कामाला आधीपासून चिकटलेली होती. १८९३ मध्येच रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक याच कारणावरून शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. बुडणाऱ्याला काढताना हात वरूनच द्यावा लागतो, हे खरं. पण तो माणूस काठावर आला, की पुढे काय? रमाबाईंनी त्याचंही उत्तर कामातूनच दिलं. विणकाम, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. ज्याला मदत केली त्याला उद्या आपली गरज पडू नये, अशी धडपड ज्या प्रेमात नाही ते प्रेम अपुरं, हा धडा केडगावने दिला.

पुढचं वळण नारायण वामन टिळकांचं. त्याचीही सुरुवात मध्य प्रांतातच झाली, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. एका इंग्रज सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले ते कायमचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घराची झालेली फाटाफूट आणि पाच वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने उचललेलं तेच पाऊल लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचा क्रम मला फार शिकवून जातो. आधी त्यांनी स्वतःशी विचार केला, की जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी सोवळं सोडलं, कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर आला. एका बाईच्या स्वयंपाकघरात आधी माणसांमधली उतरंड गेली आणि मग तिची श्रद्धा उभी राहिली. पुढे टिळकांच्या घरात पोरकी, नकोशी झालेली मुलं येत राहिली आणि घरचीच होऊन राहिली. तो आश्रम नव्हता, संस्थाही नव्हती. ओढाताणीचा, माणसांनी भरलेला संसार होता.

टिळकांना मिशनचा वरून खाली येणारा परोपकार खटकत गेला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार विस्कटला. पण येशूच्या मागे जायला या मातीतून, नात्यातून उठावं लागत नाही, ही गोष्ट त्यांनी ठामपणे मांडून ठेवली. रमाबाईंनी दार उघडून अनोळखी माणसाला आत घेतलं होतं. टिळक दांपत्याने त्याला पंक्तीत बसवलं.

तिसरं वळण जबलपूरच्या शेजारचं आहे, आणि मराठी वाचकाला ते सर्वांत कमी माहीत आहे. टिळकांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला होता. त्याच्या पुण्याच्या आश्रमात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण पाद्री आला. तिथे त्याची मैत्री जमली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी. १९३२ च्या सुरुवातीला हे दोघे तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. जबलपूरहून डिंडोरीमार्गे अमरकंटककडे जाताना हे गाव लागतं. तिथे त्यांनी गोंड सेवा मंडळ उभं केलं. दवाखाना, शाळा आणि कुष्ठरोग्यांसाठी निवारा एवढाच पसारा. एल्विन यांचं नाव जगभर गेलं. शामरावांचं नाव मागे राहिलं. पण गावकऱ्यांच्या बोलण्यात दोघे बरोबरीने होते. एल्विन ‘बडा भाई’, शामराव ‘छोटा भाई’. साहेब नाही, फादर नाही. भाई.

कुष्ठरोग्यांची सेवा करायची म्हणजे त्या काळी काय करावं लागे, ते डोळ्यांपुढे आणून पाहावं. डॅप्सोन हे औषध अजून यायचं होतं. चालमोगऱ्याच्या तेलाच्या दुखऱ्या इंजेक्शनांपलीकडे फारसा इलाज नव्हता. या रोगात कातडीची संवेदना जाते. पायात काटा घुसला, विस्तवाने बोट भाजलं, तरी कळत नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी रोज तो पाय हातात घेऊन पाहावा लागतो. जखम धुवायची, पट्टी बांधायची, उद्या पुन्हा सोडून पाहायचं. यात चमत्कार नाही, वाहवा नाही, आणि काम संपलं असं कधी होत नाही. ज्याला आपलं दुखणं जाणवत नाही त्याच्या वाट्याचं जाणवून घेणं, ही मला प्रेमाची सर्वांत नेमकी व्याख्या वाटते.

करंजियाच्या या प्रयोगाने एक प्रश्न धारदार केला. नागपूरच्या बिशपांनी एल्विनकडे ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठेची शपथ मागितली. ती त्यांनी नाकारली, तेव्हा धर्मविधी करण्याचा परवाना मिळाला नाही. गोंडांना ख्रिस्ती करायचं नाही, असं या मित्रांनी ठरवलं. १९३५ मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले, आणि पुढे मंडल्यातल्या मिशनऱ्यांच्या कामावर त्यांनी कडक टीकाही केली. पण दोघांनी सुरू केलेलं काम थांबलं नाही. १९५४ मध्ये एल्विन ईशान्येकडे गेले; शामराव मात्र या मुलखातच राहिले. पाटनगढ भागातल्या परधान या आदिवासी समाजावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९४६ चं आहे. त्याच पाटनगढमध्ये पुढे चित्रकार जनगढसिंह श्याम जन्मले आणि परधानांची चित्रं जगभर गेली. ज्यांना जग मागासलेले म्हणत होतं, त्यांच्यापाशी आपल्याला शिकवण्यासारखं काही आहे, हे ओळखायला त्यांच्यातच राहावं लागतं. उद्धाराची भाषा इथे गळून पडली आणि सोबत सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न सरकारदरबारी गेला. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. अहवाल १९५६ मध्ये आला. शाळा, दवाखाने, कर्ज या साऱ्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा ठपका त्यात होता. १९६८ मध्ये जबरदस्ती, प्रलोभन आणि फसवणूक यांतून होणाऱ्या धर्मांतराला बंदी घालणारा कायदा झाला. २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. या कायद्यांमुळे निरपराध माणसांनाही भीतीखाली वावरावं लागतं, आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे. पण बाहेरच्या आरोपाला उत्तर देता देता आतला प्रश्न टाळता येत नाही. आपल्या दयेच्या मागे हिशेब असतो का? समोरच्याने काहीतरी व्हावं, काहीतरी मानावं, निदान आभार मानावेत, ही अपेक्षा आपण बाळगतो का?

कुणी विचारेल, की प्रेम काहीच मागत नसेल, काही सांगतही नसेल, तर साक्ष कुठे राहिली? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मी तो पुष्कळ दिवस मनात वागवला आहे. मला उत्तर सापडलं ते लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांच्या प्रसंगात. दहा बरे झाले, एक परत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं हे खरं, त्याला ते लागलं हेही खरं. पण त्या नवांचा रोग परत आला असं कुठे लिहिलेलं नाही. न परतणाऱ्यांचं बरं होणंही पूर्णच राहिलं. देवाच्या प्रेमाची रीत ही असेल, तर ती पाळणं हीच आपली साक्ष. कुणी विचारलं तर आपली श्रद्धा जरूर सांगावी, लपवू नये. विचारेपर्यंत मात्र हातातलं काम करावं.

आजच्या जबलपूरमध्ये हे काम कसं दिसतं? मेडिकल कॉलेजच्या आवारात मंडला-डिंडोरीकडून आलेली माणसं अजूनही पायऱ्यांवर, झाडाखाली दिसतात. आत पेशंट, बाहेर नातेवाईक. कुठल्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा, रक्त कुठून आणायचं, काही उमगत नाही. आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका तिथे जात असतात. आधी जमिनीवर बसतात, मग विचारतात, काही खाल्लं का? कागद वाचून दाखवतात, औषधाच्या वेळा बोटांवर मोजून घेतात, पेशंटजवळ रात्र काढून त्याच्या बायकोला झोपायला लावतात. एकदा एका गोंड बाईने त्यांना विचारलं, तुम्ही कोण, कुठल्या संस्थेच्या? त्या म्हणाल्या, “यहीं गढ़ा में रहती हूँ, बहन।” संस्थेचं नाव नाही, पत्रक नाही. त्या बाईला बसायला जागा करून त्या पुन्हा कागद वाचायला लागल्या.

मंडळीच्या सभांत आपण वर्गणी मोजतो, सभासद मोजतो, नाताळात वाटलेली ब्लँकेटं मोजतो. ब्लँकेट वाटायलाच हवं. थंडी कुणाच्या विचारसरणीसाठी थांबत नाही. पण ज्याला ब्लँकेट दिलं त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे का, जानेवारीत त्याच्या घरी आपण पुन्हा गेलो का, आपल्या अडचणीच्या वेळी त्याला हाक मारायचं धाडस आपल्याला होतं का, हे प्रश्न अहवालात येत नाहीत. माझ्या मते खरी कसोटी या शेवटच्या प्रश्नात आहे. येशू शोमरोनी बाईशी बोलायला सुरुवात करतो ती तिच्याकडे पाणी मागून. द्यायला आलेला माणूस आधी घेणारा होतो, आणि दोघांमधली उंची तिथेच संपते. आपण ज्यांना देतो त्यांच्याकडून काही घ्यायलाही शिकलो, त्यांच्या घरचा चहा, त्यांचा सल्ला, त्यांनी दाखवलेली चूक, तर आपलं प्रेम रमाबाईंच्या धैर्याला, लक्ष्मीबाईंच्या पंक्तीला आणि छोट्या भाईच्या सोबतीला शोभेल असं होईल. हे जबलपुरात जमण्यासारखं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच गल्लीतल्या एखाद्या दारापासून करता येते.