हाताशी आलेले हरण

दासगाव हे सावित्रीच्या खाडीकाठचे गाव. एका अंगाला भरती-ओहोटीचे पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर. अशा गावांतून, महाडपासून थेट म्हसळा-मुरुडपर्यंत, जुनी माणसे एकत्र बसली की बोलणे कुठून तरी शिकारीवर येतेच. कोणाला ठासणीची बंदूक आठवते, कोणाला हाका घालणारे सोबती आठवतात. सांबर, भेकर, सशाएवढी पिसोरी यांची वर्णने रंगतात. मग ऐकणाऱ्या पोरांपैकी एखादा विचारतो, "हरण तर हलाल आहे, मग त्याची शिकार गुन्हा कशी?" आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. हा प्रश्न वर्गातही येतो. "सरकारची बंदी आहे" एवढ्या उत्तराने मुलांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

हरण हलाल आहे, यात वाद नाही. सूरह माइदाने शिकारीची परवानगी दिली आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेले जनावरही अल्लाहचे नाव घेऊन खाता येते. पण याच सूरहने इहराममध्ये असणाऱ्याला रानातली शिकार मना केली आणि कोणी जाणूनबुजून केलीच तर तिची भरपाईही ठरवून दिली. मक्केच्या हरममध्ये तर शिकारीला बाराही महिने बंदी. हजरत पैगंबरांनी (स.) मदीनाही हरम ठरवले, तिथली झाडे तोडण्यास आणि तिथली शिकार करण्यास मनाई केली. म्हणजे हरण तेच, बाण तोच, माणूसही तोच. जागा बदलली, अवस्था बदलली की परवानगी संपते. मग "जे अल्लाहने हलाल केले ते बंद करणारे तुम्ही कोण?" हा आपल्याकडे ऐकू येणारा सवाल तितकासा पक्का राहत नाही.

बादशहा जहांगीरची गोष्ट इथे आठवते. स्वतः मोठा शौकीन शिकारी. पण त्याचे लाडके हरण मेले तेव्हा त्याने लाहोरजवळ शेखूपुऱ्याला त्याच्या आठवणीसाठी मिनार उभारला. सुमारे 1607 सालची ही गोष्ट. हा हिरण मिनार आजही उभा आहे. त्या परिसरातल्या हरणाचे मांस हिंदूंना गाईसारखे आणि मुसलमानांना डुकरासारखे वर्ज्य समजावे, असे फर्मानही त्याने काढले.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. अभयारण्यात शिकार केल्याचे सिद्ध झाले तर किमान 3 वर्षांची कैद आहे. या कायद्याला आम्ही इहरामच्या जागी बसवत नाही. पण परवानगी म्हणजे हुकूम नव्हे, हे तर मान्य करावे लागेल. हरणाचे मांस खाल्ले नाही म्हणून कोणाचे फर्ज बुडत नाही. शिवाय, ज्या आयतीने सूरह माइदा सुरू होते तिच्यात आधी करार पाळण्याचा हुकूम आहे आणि त्याच आयतीत पुढे शिकारीचा विषय आहे. ज्या देशात आपण नागरिक म्हणून हक्क मागतो, त्याच्याशी आपलाही एक करार आहे. तो दिवसा पाळायचा आणि रात्री डोंगरात मोडायचा, हे कसे चालेल?

त्याच सूरहमध्ये पुढे एक आयत आहे. तिचा आशय असा की, तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने अल्लाह तुमची परीक्षा घेईल, म्हणजे न पाहता त्याला भिणारा कोण ते उघड होईल. हुदैबियाच्या प्रवासात सहाबा इहराममध्ये असताना शिकार अगदी जवळ येत होती, असे मुफस्सिर सांगतात. परीक्षा आहे ती हाताशी आलेल्या गोष्टीची. जे हाताला लागतच नाही ते सोडण्यात कसली परहेजगारी?

आता रात्रीचे रान डोळ्यांपुढे आणा. दाट झाडी, गाडीच्या टपावर बत्ती. झोत पडला की भेकर जागच्या जागी थिजते. त्याचे डोळे चमकतात आणि नेम त्या चमकेच्या आधाराने धरला जातो. ज्या उर्दूने प्रियेच्या डोळ्यांना आहूच्या डोळ्यांची उपमा दिली, ज्या भाषेत ग़ज़ल आणि ग़ज़ाल हे शब्द शेजारी नांदतात, ती भाषा बोलणाऱ्या घरातले पोर त्या डोळ्यांत बत्ती मारते. आजूबाजूला ना वनरक्षक, ना शेजारी. आयतीत सांगितलेली परीक्षा ती हीच.

गोळी सुटल्यावर काय होते, हेही बोलले पाहिजे. सुरी फिरवण्याआधी गोळीनेच जीव गेला असेल तर ते मांस हलाल की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. हजरत अदी बिन हातिम यांना पैगंबरांनी (स.) सांगितले होते की, बाण लागलेले जनावर पाण्यात पडलेले सापडले तर खाऊ नका, बाणाने मेले की पाण्याने, हे तुम्हाला कळणार नाही. इतकी बारीक काळजी! आणि आपल्याकडे जखमी जनावर करवंदीच्या जाळीत शिरते, रात्री माग लागत नाही, ते तिथेच तडफडून मरते. सुरीला धार लावा, जनावराला त्रास होऊ देऊ नका, जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करू नका, अशी शिकवण देणाऱ्या धर्मात या मरणाला काय नाव द्यावे?

काहीजण म्हणतात, शिकाऱ्यांनीच रान राखले. दाखला जवळचाच आहे. मुरुड-रोह्याकडचे फणसाड अभयारण्य, पूर्वीचे केसोलीचे जंगल, हे जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते. 1948 साली संस्थान विलीन झाले, 1986 साली अभयारण्य जाहीर झाले. समुद्राच्या इतक्या जवळ एवढी दाट झाडी टिकली, तिथे आज सांबर, भेकर, शेकरू नांदतात, याचे थोडे श्रेय त्या राखीवपणाला द्यावेच लागेल. पण रान वाचवले ते बंदुकीने की बंद दरवाज्याने? नवाबाची शिकार हा शौक आणि गरिबाची शिकार ही चोरी, हा त्यातला अन्याय होता. तो अन्याय आज सर्वांना बंदूक देऊन मिटणार नाही. सर्वांना एकच नियम लावून मिटेल. शिकार काही आपल्याच जमातीत होते असेही नाही. रानडुकरांनी आणि वानरांनी शेती उद्ध्वस्त केल्याची शेतकऱ्याची तक्रारही खरी आहे आणि तिला न्याय मिळाला पाहिजे. पण बत्ती घेऊन भेकरामागे जाणारा काही भाताचे पीक वाचवायला जात नाही.

बाराव्या शतकातल्या अंदलुसच्या इब्न तुफैलने 'हय्य बिन यक़्ज़ान' ही कथा लिहिली. निर्जन बेटावरच्या एका बालकाला हरिणी दूध पाजून वाढवते. ती मरते तेव्हा तो तिचे शरीर उघडून, निघून गेले ते काय, याचा शोध घेतो. त्याचा रूहचा विचार तिथून सुरू होतो आणि पुढे तो अल्लाहच्या ओळखीपर्यंत पोहोचतो. मग तो ठरवतो की गरजेपुरतेच घ्यायचे, कोणतीही जात नष्ट होऊ द्यायची नाही. आपल्या विचारपरंपरेत हरिणी अशी पहिली गुरू आहे.

कधीकाळी डोंगरकपारीच्या माणसाला शिकारीची गरज असेल. आज बाजारात बकरा आहे, कोंबडी आहे, खाडीत मासा आहे. उरतो तो शौक, आणि सुट्टीवर आलेल्या पाहुण्यापुढे ताट सजवण्याची हौस. ही हौस पुरवताना पकडला जातो तो बहुधा हाका घालणारा गरीब पोरगा. कोर्टाच्या खेपा त्याच्या आईला पडतात. सूरह माइदा खाण्याविषयी बोलताना हलालबरोबर तय्यिब म्हणजे चांगले, निर्मळ, हा शब्द जोडते. मुलाच्या प्रश्नाला आम्ही तेच उत्तर देऊ इच्छितो: हरण हलाल आहे, बेटा; पण या बत्तीत, या चोरीत आणि या शौकात तय्यिब काय उरले, ते तू सांग.