पुनर्वसन कोणाचं आधी?

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ माओवाद्यांनी पेरलेला भूसुरुंग फुटला. खासगी गाडीतून निघालेले १५ पोलीस आणि गाडीचा चालक, असे १६ जण ठार झाले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती. पोलीस तिकडेच निघाले होते.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य ठरलेलं असतं: "हिंसा वाईटच, पण मूळ कारण बघा." मला या वाक्याचा मोह पडतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडला की आम्ही दोषी माणूस शोधत नाही, कारण शोधतो. पण भूसुरुंग हा बग नाही. तो कुणीतरी ठरवून पेरतो आणि गाडी येईपर्यंत वाट बघतो. कारण सापडलं म्हणून जबाबदारी संपत नाही.

याचा पुरावा मला गोसीखुर्दमध्ये दिसतो. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या या गावाजवळ वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींनी केली. गावं बुडाली, मोबदला रखडला. विशेष पॅकेज जाहीर झालं ते २०१३ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी. लोकांनी मोर्चे काढले, धरणं धरली, पाण्यात उतरून आंदोलनं केली. बंदूक उचलली नाही. अन्यायातून हिंसा आपोआप निघत असती, तर इथेही सुरुंग फुटले असते.

हीच वैनगंगा पुढे गडचिरोलीत जाते. तुम्ही म्हणाल, तुलना बरोबरीची नाही. खरंय. पवनीच्या माणसाला मोर्चा न्यायला कचेरी होती, छापायला वर्तमानपत्र होतं. भामरागडच्या पाड्यावरच्या माणसाला वनखातं आणि ठेकेदार तेवढे भेटले. यातून कुणी दलममध्ये का गेलं, हे कळतं. पण भाड्याची गाडी चालवणाऱ्याला का मारलं, हे त्यातून पटत नाही. शिपायाला का मारलं, हेही नाही. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकात भरती होतात तीही जिल्ह्यातलीच मुलं, त्यात कितीतरी आदिवासी. वनखात्याचं धोरण त्यांनी ठरवलेलं नसतं.

म्हणून पोलिसांवरचा हल्ला चूकच, 'पण' न लावता.

मला खरा त्रास पुढे होतो. राज्यात २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या सुमारे ६० साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. ते चांगलंच झालं, पुढचे कित्येक जीव वाचले. शस्त्र ठेवणाऱ्यासाठी सरकारच्या कागदावर शब्द आहे 'पुनर्वसन'. धरणग्रस्तासाठीही तोच शब्द आहे. एकाला तो समारंभात मिळतो, दुसरा त्यासाठी वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

शरण आलेल्याचं पुनर्वसन थांबवा, असं मी म्हणत नाही. पण ज्याने कधीच बंदूक उचलली नाही, त्याचा अर्ज आधी निकाली निघायला हवा. नाहीतर 'शांततेनं मागा' हे आपण कोणत्या तोंडानं सांगणार?