देश माझा, शेजारी कोण?

‘तुमची निष्ठा देशाशी की रोमशी?’ हा प्रश्न कॅथलिक कुटुंबाला कधी उघडपणे, तर कधी आडवळणाने विचारला जातो. त्यामागे एक गृहीत आहे. माणसाच्या मनात आपलेपणाला जागा मोजकीच असते. एकीकडे तो वाढला की दुसरीकडे घटतो. मराठवाड्याचा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

१९३० च्या सुमारास नांदेडात जन्मलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा तो निजामाचा प्रजाजन होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि तो भारतीय झाला. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात, पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. घर तेच, उंबरठा तोच. भारतीय होताना त्याला मराठीपण सोडावे लागले नाही. त्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ जन्माने कन्नड मुलुखातले. आज नांदेडचे विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते.

परंतु याच संग्रामाने एक कठोर धडाही दिला. रझाकारांचे अत्याचार खरे होते. मुक्तीनंतर निरपराध मुसलमानांवर उगवलेला सूडही तितकाच खरा होता. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांत नांदेडची आणि तेव्हा लातूर ज्यात मोडत असे त्या उस्मानाबादची गणना केली. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. राष्ट्राच्या कुंपणाशीच थांबणारे मन पहिले सत्य सांगते, दुसरे झाकते. मारला गेलेला शेजारी आधी माणूस होता, हे ज्याला दिसते तोच दोन्ही सत्ये उच्चारू शकतो. म्हणून अखिल मानवजातीशी असलेले नाते हे राष्ट्रनिष्ठेचे प्रतिस्पर्धी नसून तिची सदसद्विवेकबुद्धी आहे.

अर्थात, ‘मी विश्वाचा नागरिक’ असे म्हणणे सोपे असते. विश्व कोणाकडे कर मागत नाही. मानवतेला काम करायला हात लागतात आणि ते बहुधा राष्ट्राचेच असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर ढिगाऱ्याखाली गेला, तेव्हा देशोदेशींहून मदत आली. पुनर्वसनाला जागतिक बँकेने अर्थसाहाय्य दिले. तरी गावे पुन्हा वसविण्याची जबाबदारी आपल्याच शासनाला उचलावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान हादरले, तेव्हा भारताची बचावपथके तिकडे धावली. जगाचे ऋण असेच फेडायचे असते.

‘कॅथलिक’ या शब्दाचा अर्थच ‘सार्वत्रिक’. देशावर उदार मनाने व निष्ठेने प्रेम करावे, पण मन संकुचित न ठेवता सर्व मानवकुटुंबाचे हित पाहावे, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दिली. प्रभूच्या दाखल्यातील शोमरोन्याने जखमी वाटसरूला त्याचे कुळ विचारले नाही. स्वतःचे शोमरोनीपणही त्याला टाकावे लागले नाही.

तेव्हा निष्ठेच्या त्या प्रश्नाला वादाने उत्तर देण्याचे कारण नाही. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनास उभे राहताना आपण मुक्तीसाठी प्राण दिलेल्या हुतात्म्यांचे स्मरण करूच. त्यांच्या शेजारी, नावही न उरलेल्या त्या निरपराधांसाठी आपल्या प्रार्थनेत जागा असेल काय?