नाव मागाहून

सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रशिक्षणात मी मुलांना आधी पुस्तक देत नाही. गाळ भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक फोरॅमिनिफेरा, म्हणजे सूक्ष्म समुद्री जीवाचं कवच, उचलायचा. हात थरथरतो, कवच निसटतं. निसटू द्यावं.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, चार प्रमाणं, ज्ञानाची साधनं, मानली. ती चारही या टेबलावर राबतात. कवच दिसतं ते प्रत्यक्ष. वर्णनाशी साम्य पाहून जात ओळखतो ते उपमान. गाईसारखा दिसतो तो गवय, असं ऐकून रानात गवय ओळखावा, तसंच. राजमुंद्रीजवळ दोन लाव्हाथरांमधल्या गाळात, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर उदयाला आलेल्या फोरॅमिनिफेरांची कवचं मिळाली. म्हणून खालचा लाव्हा त्या विनाशाच्या सुमाराचा किंवा त्याआधीचा, हे अनुमान. सह्याद्रीचा कातळही दख्खनच्या याच ज्वालामुखी उद्रेकांतला. त्याच्या काळाची साक्ष द्यायला वाळूच्या कणाएवढा समुद्री जीव येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

उरला शब्द, म्हणजे आप्तवचन, विश्वासू जाणकाराचं सांगणं. त्याच्याशिवाय कुठलीच विद्या चालत नाही, नावं तर ऐकूनच कळतात. पण ‘मी सांगतो म्हणून मान’ हे पहिलं वाक्य झालं, की मूल पाहणंच सोडतं. शिक्षकांनो, आधी कुंचला हातात द्या, नाव मागाहून सांगा.