आजचा चंद्र

पन्नाशी उलटलेल्या बापाला काहीतरी छंद हवा म्हणून मुलांनी गेल्या वर्षी कॅमेरा, ३०० मिलिमीटरची लेन्स आणि ट्रायपॉड आणून दिला. पहिलं गिऱ्हाईक अर्थात चंद्र! न्यू जर्सीतल्या आमच्या मागच्या अंगणातून वीस फोटो काढले. विसांतही काळ्या ताटात ठेवलेली एक इडली.

कारण पुढे उमगलं. आजूबाजूचा अंधार बघून कॅमेरा आपणहून प्रकाश वाढवतो. पण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. त्याला उन्हातल्या वस्तूचंच माप लावावं लागतं: ॲपर्चर एफ ११, आयएसओ १०० आणि वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग. गंमत म्हणजे हा खडक पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम बारा टक्के परत पाठवतो, जुन्या डांबरी रस्त्याइतका. चंदेरी दिसतो तो शेजारच्या काळोखामुळे. १८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्र उमटवला, त्याला वीस मिनिटं लागली होती. ते वैद्यकीय पदवीधर होते हे वाचून मला उगीचच धीर आला.

श्रावणातल्या संकष्टीला पहाटे पाचला पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा धूसर. ड्यूटीची वेळ होत आली, म्हणून खिशातला फोन काढून एक फोटो घेतला आणि थक्क झालो. विवरं, किरणं, सगळं लख्ख! तो सांगलीला आईला पाठवून दिला. तिकडे चंद्रोदय रात्री साडेनऊच्या सुमारास, म्हणजे आमच्या दुपारी बाराला. तेव्हा आमचा चंद्र केव्हाच मावळलेला असतो. तिकडे त्या रात्री धो धो पाऊस. "तुझ्या चंद्राला नमस्कार केला आणि जेवले," असं आईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं.

दहा दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाबा, काही फोन चंद्र ओळखतात आणि न दिसलेलं स्वतःच भरतात." २०२३ मध्ये कोणीतरी करून दाखवलेला प्रयोग आम्ही घरी केला. चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून फोन धरला. त्या पुसट डागावर विवरं उगवली!

तेव्हापासून एक प्रश्न छळतो आहे. एक्स-रे नीट दिसावा म्हणून मी रोज त्याचा उजेड-काळोख बदलतो. त्यात खोटं काही नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हाडावरची रेघ उचलून इथे ठेवली, तर ती कितीही हुबेहूब असो, माझा परवाना जायला हवा. इथपर्यंत सोपं आहे. अनुभवी मंडळी मात्र चंद्राचे शेकडो फोटो काढतात, हवेच्या थरथरीने बिघडलेले टाकून देतात आणि उरलेले एकावर एक रचतात. हे निवडणंच नव्हे का? रुग्णाच्या रक्तदाबाच्या चार नोंदींतली सोयीची तेवढी मी ठेवली तर? मला वाटतं फरक असा: ते टाकतात ती हवेची चूक आणि टाकल्याचं सांगतात. रक्तदाबाची न आवडलेली नोंद मात्र रुग्णाचीच असते. तरीही ही रेघ वाटते तेवढी ठळक नाही, हे कबूल केलं पाहिजे.

फोनने भरलेली विवरंही खऱ्या चंद्राचीच होती, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालून पाहिली. घातली गेली नाही. शेवटी आईला सगळं सांगितलं. तिचा उपास मोडला की काय, हीच माझी भीती.

"अरे, जेवले ती कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ बघून," ती म्हणाली. "ढगांमागे चंद्र होताच की. उपासाचं काही नाही. पण माझ्या डॉक्टरने काढलाय म्हणून मी अख्ख्या गल्लीला दाखवला तो फोटो. आता त्यांना काय सांगू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच पहाटेचा माझ्या कॅमेऱ्यातला धूसर फोटो मी तिला पाठवला. तो तिने अजून गल्लीत दाखवलेला नाही.