दया आणि न्याय

हवामान पालटत आहे, त्याला मनुष्य काय करणार, असे म्हणून स्वस्थ बसणारांनी ओडिशाचा किनारा पाहावा. १९९९ च्या चक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली पुन्हा प्रचंड वादळ आले, परंतु सुमारे दहा लक्ष लोकांस आधीच सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला.

परंतु एवढ्याने कर्तव्य संपते काय? आश्रयगृह जीव वाचविते. समुद्राने गिळलेली जमीन परत देत नाही. हवा तापविणारा धूर आपल्याही सुखसोयींतून निघतो. त्याची झळ मात्र प्रथम किनाऱ्यावरच्या कोळ्यास लागते. संकटग्रस्तास आश्रय देणे ही दया होय. आपल्यामुळे त्याच्यावर संकट येऊ नये म्हणून स्वतःच्या गरजा आवरणे हा न्याय होय. दयेचा धडा समाज गिरवू लागला आहे. न्यायाचा अजून उरला आहे, असे आम्हांस वाटते.