पॅड बांधून बसलेला मुलगा

रविवारची मिस्सा आटोपून खांदा कॉलनीतील मैदानावरून परतताना मुलांचा क्रिकेटचा सराव दिसतो. खेळणाऱ्याकडे सर्वांचेच लक्ष असते. माझी नजर मात्र पॅड बांधून पाळीची वाट पाहणाऱ्या मुलाकडे जाते आणि अमोल मुझुमदार आठवतात.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढचा फलंदाज अमोल पॅड बांधून बसून राहिला; त्याची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच त्याने २६० धावा काढल्या, कारकिर्दीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या. परंतु भारताच्या संघात त्याला एकदाही स्थान मिळाले नाही.

प्रश्न येथून सुरू होतो. ज्याला डावलले गेले, त्याच्याच हाती उद्या निवडीचा अधिकार आला, तर त्याने कसे वागावे?

मोह दोन असतात. एक कडवटपणाचा : मी सोसले, आता यांनीही सोसावे. दुसरा कनवाळूपणाचा : माझ्यासारखे दुःख कोणाच्याच वाट्याला येऊ नये. पहिला मोह उघडच वाईट. दुसरा साधुत्वाचा वेष घेऊन येतो. पण संघ अकरांचाच असतो, कोणाला तरी बाहेर बसावेच लागते.

मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्ज या मुंबईच्या मुलीला संघाबाहेर बसावे लागले. मात्र न्यूझीलंडविरुद्धच्या पुढच्याच सामन्यात तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यात आले. तिने नाबाद ७६ धावा केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. मग २ नोव्हेंबरला, आपल्या खांदेश्वरहून हार्बर गाडीने सहज गाठता येणाऱ्या नेरूळच्या मैदानावर, भारताने विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षकांच्या पाया पडली.

वगळणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे, हे या घटनेतून ध्यानी येते. वगळणे हा त्या दिवसापुरता निर्णय. टाकून देणे हा माणसावरचा निकाल. पहिला कधी कधी अटळ असतो, दुसऱ्याचा अधिकार कोणालाच नाही.

मात्र या विजयाने जुना अन्याय भरून निघाला, असे म्हणणे मला पटत नाही. न मिळालेली पाळी न मिळालेलीच राहते. शिष्यांचे यश हे गुरूच्या नुकसानीची भरपाई मानले, की शिष्य साधन होतो. अपुरी स्वप्ने मुलांच्या पाठीवर लादणारे आपण पालक हीच चूक करतो. शारदाश्रमच्या या मुलांना घडविणारे रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. पण शिष्यांच्या धावा त्यांनी आपल्या नावावर मांडल्या नाहीत. दुःखातून शिकायचे ते एवढेच : बाहेर बसलेला दिसण्याची दृष्टी.

धर्मग्रामाच्या गायकवृंदात, शाळेच्या नाटकात, घरातल्या भावंडांतही कोणीतरी पॅड बांधून बसलेले असते. प्रत्येकाला पाळी देणे आपल्या हाती नसेल. त्याच्या शेजारी जाऊन बसणे तर आहे?